गाठीची भूक

घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की पहिली संक्रांत येते ती स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यावर. चहा बिनसाखरेचा होतो, आंबा-केळी बंद होतात, पोळी अर्धीवर येते, आणि कुणीतरी मोबाइलवर आलेला निरोप मोठ्याने वाचून दाखवतो : कर्करोग साखरेवर जगतो, साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. निरोपात एका जर्मन नोबेलविजेत्याचे नावही असते, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरत नाही. सत्तरी ओलांडलेला, कंबरदुखीने आधीच बेजार झालेला गृहस्थ मुलासुनेच्या आग्रहाखातर अर्धपोटी राहू लागतो. काही आठवड्यांत सदरे सैल होतात, जिना चढताना पाय लटपटतात. गाठ मात्र होती तिथेच असते.

या निरोपातील विज्ञान पूर्ण खोटे असते तर त्याचा प्रतिवाद सोपा होता. ते अर्धे खरे आहे. कर्करोगाच्या पेशींचा चयापचय, म्हणजे अन्नातून ऊर्जा आणि बांधकामाचे साहित्य मिळवण्याची त्यांची रीत, निरोगी पेशींहून वेगळी असते. ती रीत मोडून गाठ नमवता येईल का, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत गांभीर्याने काम सुरू आहे. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या, शरीरभर पसरलेल्या कर्करोगात या कामाला विशेष महत्त्व आले आहे. पण प्रयोगशाळेतले ‘उपाशी ठेवणे’ आणि स्वयंपाकघरातले ‘उपाशी ठेवणे’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर रुग्णापर्यंत पोहोचत नाही, ही खरी चिंतेची बाब.

प्रश्न लहान नाही. २०२२ मध्ये जगात सुमारे १४ लाख ७० हजार पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले आणि जवळपास चार लाख जण त्याने दगावले, असा जागतिक अंदाज आहे. भारतातील त्या वर्षीच्या नव्या रुग्णांचा अंदाज ३८ हजारांच्या आसपास होता. ‘लान्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये इशारा दिला तो असा : २०२० मध्ये वर्षाला १४ लाख असलेली नव्या रुग्णांची जागतिक संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल. याचे मुख्य कारण लोक अधिक वर्षे जगू लागले, हे आहे. म्हणजेच ही वाढ टाळता येण्याजोगी नाही, तिला सामोरे जाण्याची तयारी करावी लागेल. उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांचाही हा आजार मे २०२५ मध्ये निदान झाले तेव्हा हाडांपर्यंत पोहोचलेला होता. आपल्याकडे तर वारंवार लघवीला उठावे लागणे हा ‘वयाचा भाग’ मानून वर्षानुवर्षे सोडून दिला जातो. त्यामुळे रुग्णालयात पोहोचणाऱ्यांत आजार पसरलेले अनेक असतात.

पहिली उपासमार

या कर्करोगाची उपासमार करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न ऐंशी वर्षांहून जुना आहे. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले ते १९४१ साल. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की वृषण काढून टाकले किंवा स्त्रीसंप्रेरक दिले, तर हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. ही ग्रंथी आणि तिच्यातील गाठ पुरुषी संप्रेरकांच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या भावंडांच्या, इशाऱ्यावर वाढते. इशारा थांबला की गाठ आकसते. या शोधासाठी हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. पुढे वृषण काढण्याऐवजी टेस्टोस्टेरॉनची निर्मिती थांबवणारी इंजेक्शने आली. आजही पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचाराचा पाया हाच आहे, आणि भारतात खर्च परवडत नाही म्हणून अनेक जण आजही शस्त्रक्रियेचाच मार्ग स्वीकारतात.

अडचण अशी की हा उपाय कायमचा टिकत नाही. कुणाला काही महिने, कुणाला अनेक वर्षे लाभ होतो आणि मग रक्तातील टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर असतानाही गाठ पुन्हा वाढू लागते. बाहेरून येणारा डबा बंद झाल्यावर तिने घरातच चूल मांडलेली असते. अधिवृक्क ग्रंथींतून येणारा कच्चा माल वापरून, प्रसंगी कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करून, गाठीच्या पेशी स्वतःपुरते संप्रेरक तयार करतात. हे लक्षात आल्यावर त्या निर्मितीतील एका विकराला (एन्झाइमला) अडवणारे अबिराटेरॉन हे औषध लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत घडले आणि २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गाठीच्या चयापचयावर घाव घालणारे औषध खरोखर चालते का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे पहिले उत्तर. ते चालते. मात्र घाव नेमका कुठे घालायचा हे आधी ठाऊक असावे लागते.

वारबुर्ग यांनी काय पाहिले

निरोपांतून फिरणारे ते जर्मन नोबेलविजेते म्हणजे ओटो वारबुर्ग. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्यांनी पाहिले की निरोगी पेशी प्राणवायू उपलब्ध असेल तर ग्लुकोज पूर्ण जाळतात. एका रेणूतून त्यांना ऊर्जेच्या चलनाची, म्हणजे एटीपीची, तीसेक नाणी मिळतात. गाठीच्या पेशी मात्र प्राणवायू असूनही ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचे लॅक्टेट करतात आणि अवघ्या दोन नाण्यांवर समाधान मानतात. वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते मात्र पेशींच्या श्वसनातील विकराच्या शोधासाठी. ‘साखर तोडल्यास कर्करोग बरा होतो’ यासाठी कुणालाही नोबेल मिळालेले नाही.

हा उधळेपणा कशासाठी? पेशीचे श्वसन बिघडल्यामुळे, असे वारबुर्ग यांना वाटे. बहुतेक गाठींत श्वसन शाबूत असते, हे नंतर कळले. वेगाने वाढणाऱ्या पेशीला केवळ इंधन पुरत नाही. विटा, वाळू, सिमेंटही लागते. ग्लुकोज अर्धवट मोडले की त्याचे तुकडे नव्या पेशींचे पडदे, प्रथिने आणि गुणसूत्रे बांधायला वापरता येतात. अनेक गाठी ग्लुकोज अधिक ओढून घेतात, याच निरीक्षणावर पेट स्कॅनची तपासणी उभी आहे. किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोज टोचायचे आणि ते कुठे साठते ते पाहायचे, ही तिची रीत.

प्रोस्टेटचा गोंधळ इथूनच सुरू होतो. सुरुवातीच्या टप्प्यातील प्रोस्टेटचा कर्करोग या ग्लुकोजच्या पेट स्कॅनमध्ये बहुधा नीट दिसतच नाही. साखरेवर जगणारी म्हणून बदनाम झालेली गाठ साखरेला फारशी विचारत नाही. याचे कारण या ग्रंथीच्या मूळ कामात आहे. वीर्यातील द्रवासाठी भरपूर सायट्रेट तयार करणे हे तिचे काम. सायट्रेट हा पेशीच्या ऊर्जाचक्रातला एक टप्पा. इतर पेशी तो जाळून ऊर्जा मिळवतात. प्रोस्टेटच्या निरोगी पेशी जस्ताचा मोठा साठा करून चक्र तिथेच रोखतात आणि सायट्रेट बाहेर सोडतात. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या लेस्ली कॉस्टेलो आणि रेंटी फ्रँकलिन यांनी हे गणित उलगडले. पेशी कर्करोगी झाली की ती जस्त गमावते, रोखलेले चक्र फिरू लागते आणि आजवर वाटून टाकलेले सायट्रेट ती स्वतःसाठी वापरू लागते. म्हणजे सुरुवातीला ही गाठ वारबुर्ग यांच्या वर्णनाच्या उलट वागते. अधिक श्वसन करते.

त्या सायट्रेटपासून ती स्निग्धाम्ले बनवते. हे काम करणाऱ्या विकरांना पुरुषी संप्रेरकांकडूनच चालना मिळते. रुग्णाने तूप सोडले म्हणून ही निर्मिती थांबत नाही, कारण गाठ चरबी आतच तयार करते. आजार पुढे सरकून संप्रेरकांना दाद देईनासा झाला की मग तिचे खाणे पुन्हा बदलते. साखर अधिक खर्ची पडू लागते, ग्लुटामिन या अमिनो आम्लावरील भर वाढू शकतो, आणि त्या टप्प्यावर ग्लुकोजच्या पेट स्कॅनमध्येही ती उजळू लागते. ते उजळणे हे बहुधा आजार आक्रमक झाल्याचे लक्षण असते. एकाच रुग्णात, एकाच आजारात, वेगवेगळ्या काळी गाठीचा आहार असा वेगळा असतो. एकच पदार्थ बंद करून तिला उपाशी मारण्याची कल्पना इथेच कोसळते.

आणखी एक साधी गोष्ट. माणसाने साखर खाल्ली नाही तरी रक्तातील ग्लुकोज संपत नाही. मेंदूसाठी ते लागतेच, म्हणून यकृत ते तयार करते. त्यासाठीचा कच्चा माल प्रसंगी स्नायूंतल्या प्रथिनांतून येतो. अर्धपोटी राहणाऱ्या रुग्णाची गाठ जेवत राहते, स्नायू झिजत राहतात.

जय-पराजयाचा हिशेब

मग औषधांनी हे चयापचय मोडता येते का? इथला हिशेब सरळ मांडायला हवा, कारण आशेचा बाजार याच ठिकाणी भरतो.

सर्वांत गाजलेले नाव मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील पहिला दुवा मंदावते आणि रक्तातील इन्सुलिनही कमी करते. मधुमेहासाठी ती घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते, असे अनेक निरीक्षणांत दिसल्यावर तिच्याबद्दल मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधील ‘स्टॅम्पीड’ या सार्वजनिक निधीच्या मोठ्या चाचणीने त्या तपासून पाहिल्या. पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १,८७४ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत मेटफॉर्मिन दिले गेले. निष्कर्ष २०२४ मध्ये समोर आले. मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान ६७.४ महिने, न घेणाऱ्यांचे ६१.८ महिने. फरक दिसतो, पण तो योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्राने सांगितले. म्हणजे गाठीवरचे औषध म्हणून मेटफॉर्मिन सिद्ध झाले नाही. कॅनडातील एका चाचणीत सुरुवातीच्या, केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या प्रोस्टेट कर्करोगातही त्याने आजाराची प्रगती रोखली नाही.

ऊर्जाकेंद्रातला तोच पहिला दुवा अधिक जोराने तोडू पाहणारे आयएसीएस-०१०७५९ हे औषध प्रयोगशाळेत चमकले. माणसांत आल्यावर रक्तातले लॅक्टेट वाढले, मज्जातंतूंना इजा झाली, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुरुवातीच्या चाचण्याच थांबवाव्या लागल्या. ग्लुटामिनचा वापर अडवणारे टेलाग्लेनास्टॅट मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या चाचणीत निष्प्रभ ठरले. काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशी आणि रक्तमांसाच्या शरीरातली गाठ यांचा आहार सारखा नसतो. शरीरात गाठीला शेजारी असतात, उसनवारी असते, आडमार्ग असतात. शिवाय मेंदू, हृदय, मज्जातंतू यांचे जगणेही त्याच रासायनिक रस्त्यांवर चालते. गाठीचा रस्ता खणताना गावाचा रस्ता खणला जातो.

तरीही पदरी काहीच नाही असे नाही. पेशीला ‘अन्न आले आहे, वाढ’ असा इन्सुलिनचा सांगावा पोहोचवणारी एक साखळी असते. तिला लगाम घालणारे ‘पीटेन’ हे जनुक अनेक प्रोस्टेट कर्करोगांत हरवलेले असते. लगाम नसल्याने ‘एकेटी’ नावाचा दुवा सतत चालू राहतो. तो अडवणारे इपाटासर्टिब अबिराटेरॉनसोबत देऊन पाहिले तेव्हा, २०२१ च्या अहवालानुसार, पीटेन हरवलेल्या रुग्णांत आजार पुढे सरकण्यास १६.५ ऐवजी १८.५ महिने लागले. लाभ होता, पण जेमतेम. पुढे कॅपिवासर्टिबच्या चाचणीत रुग्ण आधीच्या टप्प्यावर आणि पीटेनचा अभाव तपासूनच निवडले गेले. तिथे हा कालावधी २५.७ वरून ३३.२ महिन्यांवर गेला. आयुष्य किती वाढते हे कळण्यासाठी मात्र अधिक काळाच्या नोंदी लागतात. शिकवण स्पष्ट आहे : सर्वांना सरसकट देण्यापेक्षा, ज्याच्या गाठीत तो विशिष्ट बिघाड आहे त्यालाच द्यावे.

या औषधांचा एक दुष्परिणाम बोलका आहे. ती इन्सुलिनच्याच साखळीवर बसत असल्याने रुग्णाची रक्तशर्करा वाढते. शरीर मग अधिक इन्सुलिन सोडते आणि ते इन्सुलिन गाठीला पुन्हा चेतवू शकते. लुईस कँटली, सिद्धार्थ मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवले की अशा औषधासोबत पिष्टमय पदार्थ जवळपास वर्ज्य असलेला आहार दिला तर औषध अधिक प्रभावी ठरते. हा भाग निरोपांतून आनंदाने फिरतो. त्याच अभ्यासात औषधाशिवाय नुसता तोच आहार दिल्यावर रक्ताच्या एका कर्करोगात उंदरांचा आजार बळावला, हा भाग फिरत नाही. आहार हे औषधच असेल तर त्याला औषधाचेच नियम लागू होतात : कुणाला, केव्हा, किती, आणि कशासोबत.

चयापचयावर बेतलेल्या उपचारांना यशाचा इतिहास आहेच, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत सायरस फिस्क यांच्यासोबत, कार्ल लोमान यांच्याबरोबरीने पण स्वतंत्रपणे, १९२९ च्या सुमारास एटीपी शोधले. पुढे औषधनिर्मितीत असताना त्यांच्या गटाने फॉलिक आम्लाची नक्कल करणारे रेणू घडवले. तेच वापरून बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांना, तात्पुरते का होईना, माघारी आणले. त्या कुळातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. पेशीला खोटा घास भरवून तिचे कामकाज थांबवण्याची ही युक्ती पाऊणशे वर्षांची आहे. ती चालली, कारण फॉलिक आम्लाची निकड वेगाने विभागणाऱ्या पेशींना इतरांहून कितीतरी अधिक होती.

प्रोस्टेटच्या बाबतीत असा एक वेगळेपणा हाती लागला आहे. त्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘पीएसएमए’ हे विकर मोठ्या प्रमाणात असते. फॉलेटच्या रेणूवरील ग्लुटामेट तोडणे हे त्याचे काम. त्याला अडवण्याऐवजी संशोधकांनी त्याचा पत्त्यासारखा वापर केला. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ लादून पाठवले की किरणोत्सार गाठीच्या दारात पोहोचतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इतर उपचार थकलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान याने ११.३ वरून १५.३ महिन्यांवर नेले. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, ही महाराष्ट्राच्या जमेची बाजू.

गाठीकडे पाहताना माणूस निसटतो

या सगळ्या धामधुमीत ज्या चयापचयावर आज, आत्ता, हमखास उपाय करता येतो तो दुर्लक्षित राहतो. तो आहे रुग्णाचा स्वतःचा.

टेस्टोस्टेरॉन थांबवण्याचे उपचार आयुष्य वाढवतात. त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांची किंमत शरीर मोजते. स्नायू घटतात, पोटाची चरबी वाढते, इन्सुलिनला प्रतिसाद कमी होतो, मधुमेह आणि हृदयविकाराची शक्यता वाढते, हाडे ठिसूळ होतात. ज्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीनुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, तिथे हे उपचार सुरू करताना साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हाडांची घनता तपासणे हा नियम असायला हवा. प्रत्यक्षात मूत्ररोगतज्ज्ञ पीएसएचा आकडा पाहतो, कर्करोगतज्ज्ञ स्कॅन पाहतो, मधुमेहाच्या डॉक्टरला इंजेक्शनची कल्पनाच नसते, आणि फायलींचे हे तीन गठ्ठे एकमेकांना भेटतात ते रुग्णाच्या पिशवीत. गाठ आटोक्यात असलेला माणूस मग हृदयविकाराने किंवा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळतो.

‘स्टॅम्पीड’च्या निष्कर्षांचा जो भाग कमी गाजला तो इथे महत्त्वाचा आहे. मेटफॉर्मिनने आयुष्य निर्विवादपणे वाढवले नाही, पण संप्रेरक-उपचारांमुळे होणारी वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची वाढ कमी ठेवली. गाठीसाठी योजलेली गोळी माणसाच्या उपयोगी पडली. ती कुणी घ्यावी हे डॉक्टरांनीच ठरवायचे. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ती घातक ठरू शकते. त्याहून स्वस्त उपायही आहेत. झेपेल एवढे वजन उचलण्याचे व्यायाम आणि रोजचे चालणे यांनी स्नायू टिकायला मदत होते. डाळ, अंडी, दूध, मासे अशी पुरेशी प्रथिने ताटात हवीत. तंबाखू सुटायला हवी. मधुमेह असेल तर साखर आवरायचीच, पण ती मधुमेहासाठी. गाठीला उपाशी मारण्यासाठी नव्हे.

चाचण्या कुणी करायच्या?

एक प्रश्न धोरणाचा आहे. मेटफॉर्मिन किंवा कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन यांसारख्या, पेटंट संपलेल्या गोळ्यांवर कोट्यवधी खर्चून चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीला रस नसतो. स्टॅम्पीड घडले ते सार्वजनिक पैसा आणि सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालये यांमुळे. भारतात असे प्रश्न तर पुष्कळ आहेत.

अबिराटेरॉनचेच उदाहरण घ्या. हे औषध रिकाम्या पोटी रोज १,००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार गोळ्या, असे घेतले जाते. अन्नातील चरबीसोबत मात्र ते कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात उतरते. शिकागोच्या संशोधकांनी ७२ रुग्णांच्या एका लहान चाचणीत, २०१८ मध्ये, हलक्या न्याहारीसोबत २५० मिलिग्रॅमची एकच गोळी देऊन पाहिली. पीएसएवरील परिणाम चार गोळ्यांपेक्षा कमी दिसला नाही. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनी पर्याय म्हणून याची नोंदही घेतली. औषधाचा खर्च एका फटक्यात चौथ्या हिश्श्यावर आणू शकणारा हा धागा. मात्र ७२ जणांवरून आयुर्मानाबद्दल ठाम बोलता येत नाही, आणि रुग्णाने घरच्या घरी गोळ्या कमी करणे तर धोक्याचेच. पोह्यांत तेल किती यावर रक्तातील मात्रा ठरू लागली तर ती कधी कमी पडेल, कधी अतिरेक होईल. त्यासाठी मोठी, आयुर्मान मोजणारी चाचणी हवी. तिची सर्वाधिक गरज ज्या देशाला आहे त्यानेच ती करायला हवी. २०१२ मध्ये टाटा स्मारकाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये आज देशभरची शेकडो रुग्णालये आहेत. रुग्ण आहेत, तज्ज्ञ आहेत, स्वस्त गोळ्या बनवणारे कारखाने आहेत. कमी आहे ती अशा प्रश्नांसाठी नेमाने राखून ठेवलेल्या निधीची.

तोवर जिल्हा पातळीवर दोन साध्या गोष्टी सुरू करता येतील. संप्रेरक-उपचार सुरू होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर साखर, रक्तदाब, चरबी आणि हाडे यांच्या तपासणीची एक ओळ सक्तीची करावी, आणि ती कुणी पाहायची हे नावानिशी ठरावे. दुसरे, प्रत्येक कर्करोग विभागात आहारतज्ज्ञाने रुग्ण आणि त्याच्या घरच्यांशी वीस मिनिटे बोलावे. निरोपांची पोकळी डॉक्टरांच्या घाईमुळे तयार होते. बाह्यरुग्ण विभागात ‘काय खाऊ?’ या प्रश्नाला ‘काहीही खा’ असे उत्तर मिळाले, की माणूस खरे उत्तर शोधायला मोबाइल उघडतो. भीतीच्या क्षणी घरच्यांना काहीतरी करायचे असते. काय करावे हे कुणी सांगितले नाही तर ते साखरेचा डबा लपवतात.

गाठीची भूक हा विज्ञानाचा खरा विषय आहे आणि येत्या काही वर्षांत त्यातून आणखी औषधे हाती येतील. ती येतील ती विशिष्ट बिघाडावर नेम धरून, योग्य रुग्ण निवडून आणि चाचणीच्या अग्निपरीक्षेतून. त्या औषधांपर्यंत पोहोचण्यासाठी रुग्णाच्या अंगात ताकद शिल्लक असावी लागते. ती टिकवण्याचे काम स्वयंपाकघराचे आहे. तेव्हा आजोबांच्या ताटातली अर्धी पोळी पुन्हा पूर्ण करावी, सोबत वाटीभर घट्ट वरण वाढावे, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पीएसएच्या कागदाबरोबर साखरेचा आणि रक्तदाबाचाही कागद पिशवीत न्यावा.